ओटीतलं लेकरू

पोर रडलं नाही, म्हणून देवकाबाईनं कुणाला सांगायची घाई केली नाही.

तिची सून रुख्मिणी पाण्याची भरली घागर उतरवताना वाकली ती तशीच खाली बसली. घागर शाबूत राहिली का, हे सासूनं आधी पाहिलं. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. सोजरबाई सुईण धापा टाकत येईपर्यंत मागच्या खोलीत, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला पाठ लावून, रुख्मिणी मोकळी झालेली होती. सोजरबाईनं नाळ कापली, पोराला पायांनी उलटं धरलं, पाठीत चापट मारली. मांजराचं पिल्लू शिंकावं तसा आवाज आला आणि थांबला.

"मुलगा हाय," सोजरबाई म्हणाली. "पन कच्चा हाय वं देवकाबाई. आठव्यातला."

"सातव्यातला असता त् काही म्हनलं असतं. आठव्यातलं कोठी टिकते?" देवकाबाई खाली वाकली; पोराकडे नाही, ढिगाकडे. खालचा थर रक्तानं भिजला होता. "पाय, केवढा कापूस नासवला. हा कोन घेईन आता? त्यातच गुंडाळा त्याले."

अशी त्या पोराला पहिली ऊब मिळाली. विकायच्या लायकीचा न राहिलेल्या कापसाची.

"हिले कधी उठवता येईन?" देवकाबाईनं विचारलं.

सोजरबाईला वाटलं, सासू सुनेच्या तब्येतीचं विचारतेय. देवकाबाई वेचणीचं विचारत होती.

त्या साली कपाशी ऊर फुटल्यासारखी फुटली होती आणि वेचायला हात नव्हते. दर साली दिवाळी झाली की राजुऱ्याकडच्या खेड्यांतून बाया यायच्या. मजुरी म्हणजे वेचलेल्या कापसातला वाटा. तो गाठोड्यात बांधायचा आणि डोक्यावर घेऊन घरी न्यायचा. यंदा ऐन दिवाळीत हैदराबाद राज्य मोडलं. राजुरा मुंबई राज्याकडे गेला, वांकिडी आंध्राकडे राहिली, आणि कालपर्यंत जो नुसता नाला होता त्याच्या काठी आडवा बांबू टाकून नाका बसला. नाक्यावर गाठोडी सोडून पाहतात, कापूस ठेवून घेतात, अशी बोलवा पलीकडे झाली. खरी की खोटी, हे पाहायलाही कुणी आलं नाही. राज्य कुणाचं, याचं देवकाबाईला सोयरसुतक नव्हतं. तिची लेक भागाबाई दिली होती ते गावही नाल्यापलीकडचं. "घरात बसल्या बसल्या पोरगी मुंबईले गेली माही," असं ती पाणवठ्यावर सांगून हसली होती. बाया आल्या नाहीत तेव्हा मात्र तिचं हसू संपलं.

पोर वीतभर होतं. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात. कानाची पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहायची. नखं बोटांच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. छातीला लावलं की तोंड उघडायचं, पण ओढायचं विसरून झोपी जायचं. रुख्मिणी वाटीत दूध पिळायची, सरकी काढलेल्या कापसाची वात त्यात भिजवायची आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला लावायची. एक थेंब. मग घोट उतरतो का ते पाहत बसायचं. मग दुसरा. जरा घाई झाली की पोर काळंनिळं पडायचं.

सोजरबाई रिवाजाप्रमाणे न्हाऊ घालायला आली. पायांवर पालथं घालून तिनं तेल चोळलं, कढत पाणी ओतलं, पुसून धुरी दिली. पोराचा रंग मातीसारखा झाला. अंग गार. हुंकारही नाही. रुख्मिणीनं ते हिसकावून घेतलं, चोळीच्या गाठी सोडल्या आणि उघडंच छातीवर दाबून वर गोधडी ओढली. बऱ्याच वेळानं तिच्या छातीखाली काहीतरी हललं. तिनं गोधडीत डोकावून पाहिलं. ओठ लाल होऊ लागले होते.

त्यानंतर तिनं त्याला अंगावरून काढलंच नाही. बाजूला ठेवला की तो गार पडतो आणि अंगाला लावला की तापतो, एवढं तिला समजलं होतं.

"न्हाऊ न्हाई घातलं त् खरूज होईन त्याले," सोजरबाई रागावली.

"होऊ दे जी. जितं असन त् खरूज होईन."

पाचवी पुजली नाही. "सटवाईले काय काम न्हाई का, आठव्यातल्याच्या दारात याले?" असं म्हणून देवकाबाईनं पूजेचा पाटा उचलून चटणी वाटायला घेतला. डिंक नाही, खसखस नाही, शेपा नाही. ज्याला दूध पाजायचं ते राहणारच नसेल तर बाळंतिणीला तूप कशाला? रुख्मिणीच्या ताटात गड्याच्या ताटातली भाकरी आली आणि वर मिरची.

तिचा नवरा केशवराव बायकोपेक्षा बैलांशी जास्त बोलणारा. बैल बांधून झाले की तो खोलीच्या उंबऱ्याशी यायचा, आत न येता विचारायचा, "हाय का?"

"हाव. हाय."

एवढंच ते बोलायचे. याआधीची दोन लेकरं त्यानंच ओढ्याकाठी पुरली होती. आत आलं की माया लागते, हे त्याला माहीत होतं.

बाळंतिणीनं उभ्या पिकात जायचं नाही, झाड करपतं, हे गावातल्या सुनांना देवकाबाईनंच शिकवलेलं. यंदा कपाशीला विटाळ लागेनासा झाला. रुख्मिणीचे पाय अजून थरथरत होते तेव्हा सासूनं तिच्यापुढं वेचणीचं फडकं टाकलं.

"त्याले ठेव बाजेखाली. शेगडी देतो पेटवून."

"मंग धूर व्हते जी आत्याबाई. त्याले श्वास पुरत न्हाई."

"मंग धुराबिगर ठेव. पन चाल."

वेचणारीण कमरेला जुनं धोतर बांधते, त्याची पोटाशी झोळी होते. तीच ओटी, वेचलेला कापूस त्यात टाकत जायचं. रुख्मिणीनं आधी पोराला चोळीच्या आत, उघड्या अंगावर फडक्यानं आवळून घेतलं आणि वरून ओटी बांधली. पदर असा घेतला की आत काय आहे ते दिसू नये. सकाळी रानात दहिवर असायचं, झाडं ओली, बोंडांची टोकं सुईसारखी. तिच्या बोटांची साल निघायची. पण ऊन चढलं की कापूस चुलीजवळच्या गोधडीसारखा कोमट व्हायचा. तो मुठीनं ओढून ती पोराभोवती दाबायची, पहिल्या ओळीतला पायाशी, पुढचा पाठीशी. चालताना एक हात आपोआप ओटीखाली जायचा. आत श्वासाची बारीक ऊब लागली की पुढचं झाड.

"तुही ओटी त् भरलेली दिसते," देवकाबाई एका दुपारी बांधावरून म्हणाली. "अन् टोपल्यात टाकते तवा मूठभर पडते. कोठी जाऊन राह्यला कापूस? खाते का काय?"

रुख्मिणीनं पुढचं बोंड ओढलं. देवकाबाई उठून आली आणि तिनं ओटीत कोपरापर्यंत हात घातला. कापसाखाली तिच्या बोटांना पाऊल लागलं. तिनं हात झटकन मागं घेतला, विंचू लागल्यासारखा.

"इथं आनलं त्याले?"

"घरी गार पडते जी."

देवकाबाईनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग न वेचलेल्या रानाकडे. रान मोठं होतं.

"मेलं त् तुह्या अंगावरच मरीन."

"हाव."

"मंग वेच. ओळ मागं पडून राह्यली तुही."

दिवसभर वाकायचं आणि वर कोरडी भाकरी. पौषात दूध आटू लागलं. पिळून पिळून वाटीचा तळ झाकायचा नाही. गोठ्यात म्हशीसाठी रोज घमेल्यात सरकी भिजायची. म्हशीला तिनं दूध सुटतं हे तर शेंबडं पोरही सांगेल. रुख्मिणीनं त्यातली ओंजळभर सरकी उचलली, पाट्यावर वाटली, फडक्यानं पांढरा रस गाळला आणि गुळाचा खडा टाकून शिजवला. दोन दिवस तिनं तशी खीर पिली. तिसऱ्या दिवशी छाती जड झाली. त्याच दिवशी देवकाबाई चुलीशी आली.

"हे काय शिजवून राह्यली?"

रुख्मिणीनं उत्तर द्यायच्या आत सासूनं बोट बुडवून चाखलं, पातेलं उचललं, गोठ्यात नेऊन म्हशीच्या घमेल्यात ओतलं आणि परत येऊन रिकामं पातेलं तिच्यापुढं ठेवलं.

"म्हैस खाते त् चरवीभर देते. तू काय देशीन?"

दुसऱ्या दिवसापासून देवकाबाई सरकी शेणाच्या हातानं कालवू लागली. रुख्मिणी ती धुऊन खाऊ लागली.

मग एका दुपारी, कपाशीच्या दोन ओळींच्या मध्ये, पोरानं ओढलं. रोजच्यासारखं त्याला छातीशी धरून ती वात काढत होती, तेवढ्यात त्याच्या जबड्यानं जोर धरला. अशी कळ निघाली की रुख्मिणी मटकन ढेकळांवर बसली. पोर ओढत होतं. थांबत होतं, नाकानं फुसफुसत होतं, पुन्हा ओढत होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तोंडानं ती त्याला शिव्या देत होती, "हलकट, इतके दिस कोठी गेलता रे? मायले असं छळते का कोनी?" पलीकडच्या ओळीतून सासू ओरडली. ती उठली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूच्या हाकेला ती उठली नाही.

माघ लागेपर्यंत पोराच्या गळ्याला वळी पडली. दंडाला घडी आली. नखं वाढली, तिनं ती दातांनी कुरतडली. आवाज इतका खणखणीत झाला की म्हैस कान टवकारायची. केशवराव एका सकाळी उंबरा ओलांडून आत आला, काही न विचारता त्यानं पोराला उचललं आणि उन्हात घेऊन गेला. रुख्मिणी रिकाम्या हातांनी बसून राहिली. तिला तेही बरं वाटलं.

देवकाबाईही पोराकडे पाहू लागली. बोंड पुरतं फुटलं का, हाताला सुटेल का, हे पाहावं तशी.

तेवढ्यात तिची लेक भागाबाई माहेरी आली. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती आणि तिच्या नवऱ्यानं, नागोरावानं, दुसरी पोरगी पाहायला सुरुवात केली होती. भागाबाई आल्या दिवशी जेवली नाही. तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि उतरूच दिलं नाही.

"तुह्यासारकंच हाय वं नाक, भागा," देवकाबाई म्हणाली.

"मले देऊन टाक वो वहिनी," भागाबाई म्हणाली आणि हसली.

"न्या न बाई. रातभर झोपू देत न्हाई," रुख्मिणीही हसली. नणंदेची तिला कीव येत होती. असं बोलून कुणाचं काही जात नाही, असं तिला वाटलं.

एका संध्याकाळी देवकाबाई सुनेजवळ येऊन बसली. आवाज मऊ होता. लग्न होऊन आल्यापासून रुख्मिणीनं तो ऐकला नव्हता.

"दोन गेले तुहे. पोरगी गोवरानं, पोट्टं बारशाआंधी. तुह्या कुशीवर कोनाची तरी नजर हाय. हे टिकवाचं असन त् विकाव लागन."

विकणं गावाला नवं नव्हतं. जिची लेकरं जगत नाहीत ती आपलं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवते आणि माझं नाही म्हणते. दुसरी बाई सुपात कवडी टाकून ते विकत घेते, आणि मग आईच्याच पदरात टाकते: माझं आहे, तू सांभाळ. मरण आईच्या नावानं शोधत येतं, आणि त्या नावाचं लेकरू त्याला सापडत नाही. गावात असे कवडीला घेतलेले दोघं-तिघं कवडू आज नांगर हाकत होते.

"सोजरबाईले सांगू का घेवाले?" रुख्मिणीनं विचारलं.

"सोजरबाई कायले? भागा हाय न. सख्खी आत्या."

रुख्मिणीनं सासूचे पाय धरले. म्हातारी पहिल्यांदाच पोराच्या जगण्याचं बोलली होती.

ठरल्या सकाळी तिनं त्याला न्हाऊ घातलं, न भिता. काजळ घातलं, गालाला तीट लावली. उकिरड्याजवळ नागोरावाची गाडी जुंपलेली होती. बायकोला न्यायला आला असेल, मिटलं वाटतं त्यांचं, म्हणून तिला बरंच वाटलं. बायका जमल्या. केशवराव गाडीशी बैलांची जुपणी उगाच सोडून पुन्हा बांधत होता.

"हे लेकरू कोनाचं वं?" देवकाबाईनं मोठ्यानं विचारलं.

"माह्यं न्हाई."

"कोनाचं?"

"माह्यं न्हाई."

तिसऱ्यांदा रुख्मिणी ओरडलीच. मरण बहिरं असलं तरी त्याला ऐकू जावं. "माह्यं न्हाई!"

भागाबाईनं सुपात कवडी टाकली आणि पोर उचललं. रुख्मिणीनं पदर पसरला. भागाबाई वळली आणि गाडीत चढली.

बायका हसल्या. रुख्मिणीही हसली. नणंद थट्टा नाही करणार तर कोण करणार? "पुरे झालं वो बाई, द्या, भुकेला हाय तो." नागोरावानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी नाल्याच्या वाटेला लागली तरी रुख्मिणीचा पदर पसरलेलाच होता. मग ती धावली. देवकाबाईनं तिचा दंड धरला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"विकलेल्याच्या मांगं धावत न्हाईत."

"आत्याबाई, रीत हाय ती! वापस देतात!"

"माह्या लेकीचं घर मोडून राह्यलं. तुले त् दुसरं होईन."

रुख्मिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीमागं उडालेली धूळ पाहत होता. "होईन दुसरं," तो म्हणाला.

ती गावच्या पाटलाकडे, उद्धवरावांकडे गेली. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "बाई, माह्यं न्हाई असं तूच म्हनली न? एकडाव न्हाई, तीनडाव. साऱ्या गावानं आयकलं. अन् ते पोट्टं आता मुंबईत गेलं. माह्या हातात हाय का मुंबई?" ओट्यावरचे लोक हसले. पाटलांचं बोलणं होतंच तसं.

दूध थांबेना. तिनं चोळीत कापूस कोंबला आणि एकटीच नाल्याकडे निघाली. नाक्यावरच्या शिपायाला तिची चोळी फुगलेली दिसली. त्यानं तेलुगूत काही विचारलं, मग मोडक्या हिंदीत, "कपास? निकालो." तिनं हात घालून बोळा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो ओला होता, कोमट होता. शिपायाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं तो टाकून दिला, पँटीला हात पुसले आणि तोंड फिरवलं. पलीकडे जा म्हणाला की परत जा म्हणाला, ते तिला समजलं नाही. तोवर मागून केशवराव आला आणि तिला दंडाला धरून घरी घेऊन गेला.

छातीत गाठी झाल्या, ताप चढला. सोजरबाईनं पिळून पिळून त्या फोडल्या आणि दूध बंद व्हायला मोगऱ्याची फुलं बांधून दिली. ती गेल्यावर रुख्मिणीनं ती सोडून टाकली. रोज वाटीत पिळून ती दूध भिंतीच्या कडेला ओतत राहिली.

नागोराव स्वतःच आला. उन्हात उभा राहूनच बोलला. "पोट्टं शेळीचं पीत न्हाई. चमच्यानं न्हाई, वातीनं न्हाई. सुकून चाललं. त्याच्या मामीले पाठवा."

"अजून फरदडीचा मागचा कापूस वेचाचा राह्यला," देवकाबाई म्हणाली. मग लेकीचा संसार तिच्या डोळ्यांपुढं आला असावा. "न्या. पन पोट्टं खाले लागलं की वापस आनून सोडा."

मामी. रुख्मिणी लुगडं बदलायलाही थांबली नाही.

पोराच्या दंडाची घडी गेली होती. गळ्याचं कातडं सैल झालं होतं. त्यानं आवाज न करता तोंड वासलं. रुख्मिणीनं हात पुढं केले तेव्हा भागाबाईनं आधी तिचा पदर कपाळावरून ओढून हनुवटीच्या खाली आणला.

"पाज. पन तोंड दावू नको, अन् बोलू बी नको. तुले ओळखलं त् माह्या हातचं खानार न्हाई तो. अन् तू काय जलमभर राह्यशीन का इथं?"

भागाबाईनं पदर पुन्हा एकदा खाली ओढला. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त दुसरी जागा नव्हती.

पोरानं वासानंच ओळखलं. लुगड्याच्या अंधारात रुख्मिणीला ते दिसत नव्हतं, त्याचं ओढणं मात्र तिला टाचेपर्यंत जाणवत होतं.

ती तिथं राहिली. पाजायच्या वेळा सोडून नागोरावाच्या रानात वेचायची. आयती आलेली वेचणारीण कोण सोडतं? पोर पुन्हा भरू लागलं. भागाबाई त्याला ज्वारीची पेज भरवायची. रुख्मिणी घराबाहेर असली तर तो दोन घास घ्यायचा. ती आत नुसती खोकली तरी मान वळवून थुंकून टाकायचा. भागाबाई मग वाटी आपटायची आणि रडायची. रुख्मिणी खोकला गिळायला शिकली.

होळीच्या तोंडावरची गोष्ट. भागाबाई विहिरीवर गेली होती. घरात दोघंच. पिता पिता पोराची बोटं पदरात अडकली आणि त्यानं हात झटकला. पदर खाली आला.

पोर ओढायचं थांबलं. ओठांच्या कडेनं दूध ओघळलं. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मग त्याचं बोळकं हळूहळू उघडत गेलं. हसलं ते.

रुख्मिणीनं त्याला मन भरून पाहिलं. पापण्या किती दाट झाल्या होत्या. भुवया आल्या होत्या. तिच्या ओठांवर त्याला हाक मारायला शब्द आला. तो तिनं तिथंच धरला. उद्या नाही तर परवा तिला नाल्यापलीकडे सोडून येणार होते. मग हे तोंड त्यानं कुठं शोधायचं? शोधत राहिला तर खाणार नाही. तिनं त्याची बोटं एकेक करून पदरातून सोडवली आणि पदर हनुवटीखाली ओढून घट्ट धरला.

पोर किंचाळलं. पाय झाडू लागलं. भागाबाई घागर घेऊन आत आली, ती टेकवून तिनं पोराला हिसकावून घेतलं आणि चुलीवरची पेज वाटीत ओतली. ते हुंदके देत होतं, वळून वळून पदराकडे पाहत होतं. रुख्मिणी भिंतीला लागून बसली होती, लुगड्याच्या गाठोड्यासारखी. बऱ्याच वेळानं त्याला भूक आवरेना. त्यानं भागाबाईच्या हातून एक घास घेतला. मग दुसरा. मग सगळी वाटी.

"खाल्लं वं!" भागाबाई हसत रडत म्हणाली. "सारं खाल्लं. उद्या सकाळी गाडी जुंपाले सांगतो मी. जाशीन न?"

रुख्मिणीनं नुसती मान डोलावली. बोलली असती तर त्यानं आवाज ओळखला असता.